सोळा नंबरचं आतडं

सोळा नंबरचं आतडं गोल वाढलं होतं.

वेदिकाने सूक्ष्मदर्शकावरून मान उचलली, डोळे मिटून उघडले आणि पुन्हा वाकून पाहिलं. बशीतल्या जेलीच्या थेंबात बारके बारके फुगे दिसत होते. गुळगुळीत आणि पोकळ. एकालाही कोंब नव्हता. शेजारच्या बशीत सतरा नंबर होता, त्याच दिवशी आलेला, त्याच द्रवावर आणि त्याच उबदार पेटीत वाढवलेला. त्याला मात्र चहूबाजूंनी कोंब फुटले होते, फुलकोबीच्या गड्ड्यासारखे. निरोगी आतड्याच्या पेशी तशाच वाढतात.

त्र्यंबक रोडवरच्या एका संशोधन संस्थेत वेदिका हेच काम करायची. एंडोस्कोपी करताना रुग्णाच्या संमतीने त्याच्या लहान आतड्याचे कणीएवढे दोन-तीन तुकडे जास्तीचे घेतले जात. त्यातल्या मूळपेशी जेलीत रुजवल्या की थोड्या दिवसांत त्यांची इवलीशी आतडी तयार होत. त्यांना ऑर्गनॉइड म्हणतात. आकाराने खसखशीएवढी, पण अन्न शोषणाऱ्या, चिकट पदार्थ सोडणाऱ्या अशा आतड्यातल्या साऱ्या पेशी त्यांच्यात असतात. मग त्यांच्यावर जंतांचा स्राव घालायचा आणि आतड्याचं अस्तर जंताला कसं तोंड देतं ते पाहायचं. माणसाच्या पोटात डोकावून हे पाहता येत नाही, बशीत पाहता येतं.

स्राव घातला की दरवेळी एकच व्हायचं. कोंब धरणं थांबायचं, गोळे फुग्यासारखे गोल वाढायचे आणि त्यांच्यात एका जातीच्या पेशींची गर्दी व्हायची. जंत आल्याची शरीराला वर्दी देणाऱ्या या पेशी एरवी शोधून सापडायच्या नाहीत.

सोळा नंबरवर वेदिकाने अजून काहीच घातलं नव्हतं. तरी रंग देऊन पाहिल्यावर त्या पेशी हिरव्या ठिपक्यांसारख्या जागोजाग चमकत होत्या.

म्हणजे ज्या माणसाचं हे आतडं होतं, त्याच्या पोटात जंत होता. निदान वेदिकाला तरी तसं वाटलं. पण तिला काळजी लागली ती निराळ्याच कारणानं. नमुना कुणाचा हे तिला कळू नये म्हणून तर नळ्यांवर नावाऐवजी नंबर घालायचे. पण सोळा नंबर कुणाचा हे तिला ठाऊक होतं. तो तिच्या सासूबाईंचा होता.

बायडाबाईंनी साठी ओलांडली होती. मखमलाबादच्या पुढे त्यांचा गुलाबाचा आणि शेवंतीचा मळा होता आणि सारा जन्म त्या ओल्या मातीत अनवाणी वावरल्या होत्या. वर्षभरापासून संधिवातानं त्यांची बोटं सुजायची. दुखण्यावरच्या गोळ्या खाऊन खाऊन पोटात आग पडायला लागली, तेव्हा डॉक्टरांनी एंडोस्कोपी करायला सांगितली. वेदिकाने भीत भीत विचारलं होतं, "आई, तेव्हा आमच्या कामासाठी दोन कण जास्तीचे घेऊ देत का?"

"घे की," त्या म्हणाल्या होत्या. "तसं माझ्या पोटात काय सोनं भरलंय?"

त्या सकाळी पहिला नंबर बायडाबाईंचाच होता. त्यांना बाकावर बसवून वेदिका बर्फाची पेटी आणायला संस्थेत गेली. परत आली तोवर त्या तपासणी होऊन आतल्या खोलीत गुंगीत पडल्या होत्या. पेटीत दोन नळ्या ठेवलेल्या. सोळा आणि सतरा. पहिली नळी पहिल्या बाईची, यात विचार करण्यासारखं काय होतं?

आता तिनं बशा उबदार पेटीत परत ठेवल्या आणि ती मनीषा मॅडमच्या खोलीत गेली. मनीषा मॅडम प्रयोगशाळेच्या प्रमुख. मूळच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या डॉक्टर, बोलायला कमी आणि कामाला कडक.

"सोळा नंबर विचित्र वाढलाय," वेदिकाने सांगितलं आणि फोटो दाखवले.

मॅडमनी ते बराच वेळ पाहिले. "पुन्हा लाव. एका वाढीवरून मी काही म्हणणार नाही. ऑर्गनॉइड म्हणजे रोगाची तपासणी नव्हे."

"पण मॅडम, खरंच जंत असेल तर? सूतकृमी असेल तर?"

"तर संस्थेच्या नैतिकता समितीला कळवायचं, समिती एंडोस्कोपीच्या डॉक्टरांना कळवेल आणि ते रुग्णाला बोलावतील. वाट तीच आहे. तुला घाई वाटते का? तसं असेल तर आजच कळवू."

घाई वाटते म्हटलं असतं तर का, हे सांगावं लागलं असतं. नंबर कुणाचा ते माहीत आहे असं कबूल केलं की तिला या कामावरून काढणार, हे नक्की. आणि सांगायची गरजही काय होती? बाई तर तिच्या घरातच होती.

"नाही," ती म्हणाली. "आधी पुन्हा लावून बघते."

गाडी चालवत घरी जाताना तिला आजूबाजूचं काही दिसत नव्हतं. सूतकृमी म्हणजे केसाहून बारीक जंत. ओल्या मातीतून तळपायाच्या कातडीत शिरतो, फुप्फुसातून फिरून लहान आतड्यात येऊन बसतो. इतर जंत कधी ना कधी मरतात, हा माणसाच्या आतच पिलावळ वाढवतो आणि वीस-तीस वर्षंही मुक्काम करतो. एरवी फारसा त्रास देत नाही. पण त्या माणसाला स्टेरॉइडची गोळी सुरू झाली आणि प्रतिकारशक्ती दबली, की त्याला रान मोकळं मिळतं. अळ्या आतडं सोडून अंगभर पसरतात. मग माणूस वाचेलच असं नाही.

आणि बायडाबाईंना संधिवाताच्या डॉक्टरांनी नुकतीच स्टेरॉइडची गोळी लिहून दिली होती. शेखर, वेदिकाचा नवरा, पिंपळगावच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमधून, कामावरून येताना ती घेऊन येणार होता.

ती पोहोचली तेव्हा तो ओट्यावर बूट काढत होता आणि गोळ्यांची पट्टी आईच्या मांडीवर होती. वेदिकाने ती उचलून पर्समध्ये टाकली.

"अगं, काय करतेस?" शेखर म्हणाला.

"ही आत्ता नाही द्यायची. आईंच्या पोटात जंत असण्याची शक्यता आहे. आधी तो मारायचा, मग ही गोळी."

"कुणी सांगितलं जंत आहे?"

"त्यांच्या पेशींवरून दिसतंय. आमच्याकडे."

शेखर आईच्या हातांकडे पाहत राहिला. बोटांचे सांधे लाल होऊन टरारले होते. "तिला पेला धरता येत नाही, वेदिका."

"मला दिसतंय ते. थोडे दिवस थांबू या."

"थांबू बाबा," बायडाबाई म्हणाल्या. "तिला कळतंय म्हणून म्हणती ना ती."

दुसऱ्या दिवशी शौचाची तपासणी झाली. त्यात काही निघालं नाही. त्यानं वेदिकाला धीर आला नाही, कारण हा जंत त्या तपासणीत पुष्कळदा निसटतो. ती संधिवाताच्या डॉक्टरांकडे गेली. ते सभ्य गृहस्थ होते.

"तुम्ही स्वतः नमुन्यात पाहिलंत म्हणता?"

"हो."

"मग धोका नको. आधी कृमीचं औषध देऊ, दोन आठवडे जाऊ देऊ, मग स्टेरॉइड. पण हे दोन आठवडे त्यांना जड जातील. दुखण्याच्या गोळ्या पोटामुळे देता येणार नाहीत."

जड म्हणजे किती, ते घरात दिसू लागलं. बायडाबाईंना ब्लाऊजची बटणं लावता येईनात. भाकरीचा तुकडा मोडता येईना. द्राक्षांचा हंगाम म्हणून शेखरला दिवसभर पॅकहाउस सोडता येत नव्हतं, पण निघण्याआधी तो आईला चहा पाजून जायचा आणि वेदिकाशी कामापुरतंच बोलायचा. मळ्यात मजूर बाया गुलाब तोडत होत्या. दांडे आखूड तोडतात म्हणून पूर्वी बायडाबाई त्यांच्या मागे लागायच्या. आता त्या भिंतीकडे तोंड करून पडून असायच्या. कण्हणं ऐकू येऊ नये म्हणून तोंडात पदर धरायच्या, तो दातांनी फाटला होता.

वेदिका त्यांची वेणी घालायची आणि विचारायची, "आई, खोकला येतो का? अंगावर पुरळ? पोटात कळ?"

"नाय गं. हातच तेवढे."

तरी तिचं समाधान होत नव्हतं. ती त्यांच्या श्वासाकडे कान लावून बसायची. प्रयोगशाळेत सोळा नंबर तिनं पुन्हा लावला होता. पुन्हा गोलच. ते पाहून तिला भीती वाटायची आणि एक प्रकारचा आधारही वाटायचा, की आपण उगाच त्यांचे हाल करत नाही आहोत. मॅडमनी एकदा विचारलं, "सोळाचं काय झालं?" ती म्हणाली, "एकदा अजून बघते." खरं तर तिच्या दृष्टीनं तो प्रश्न मिटला होता. औषध पोटात गेलं होतं. समितीला कळवून आता काय व्हायचं होतं?

दोन आठवडे भरत आले त्या रविवारी सकाळी वेदिका ओट्यावर बायडाबाईंचे हात कोमट पाण्याच्या पातेल्यात धरून बसली होती. उन्हं चढली होती. बायडाबाई जरा निवल्या होत्या आणि बोलायच्या लहरीत होत्या.

"त्या बाईचं बरं बघ," त्या म्हणाल्या. "तिला गोळी चालू करून दिली व्हती डॉक्टरनं. लागू पडली आसंल."

"कुठली बाई?"

"आपण नळी घालायला गेलो व्हतो ना, तव्हाची. माझ्या आधी गेली ती आत."

वेदिकाचे हात पाण्यातच थांबले. "तुमच्या आधी? पहिला नंबर तुमचा होता, आई."

"व्हता. पण माझं बीपी लय वाढलं व्हतं. त्या नर्सनं मला म्हनलं, आजी, तुम्ही बसा घटकाभर, गोळी घ्या. आन् त्या बाईला आधी घेतली. मी मागून गेले."

"हे तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"त्यात काय सांगायचं?" बायडाबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "काय झालं गं? अशी काय पांढरी पडली?"

सतरा नंबरचे ते कोंब तिच्या डोळ्यांपुढे आले. ते बायडाबाईंचं आतडं होतं. स्वच्छ, निरोगी. दोन आठवडे या बाईनं पदर चावून काढले होते, ते कशासाठी? आणि मग दुसरा विचार आला, त्यानं पहिला पुसूनच टाकला.

"त्या बाईला कसली गोळी दिली होती, आई? काही म्हणाली ती?"

"दम्याची. धाप लागायची ना तिला. म्हनली, लय जोरकस गोळी हाय, डॉक्टर म्हनलाय मधीच बंद करू नको."

"तिचं नाव?"

"झुंबर. पंचवटीत बसती भाजी घेऊन, मेथी-शेपू. आमची भाषा जुळली म्हणून बोलत बसलो."

वेदिकाने ओले हात तसेच पंजाबी ड्रेसला पुसले आणि मनीषा मॅडमना फोन लावला. मळ्याच्या कडेला उभी राहून तिनं सगळं सांगितलं. नंबर ओळखला होता तेही, आणि घरात काय केलं तेही.

"म्हणजे तू मला दोन वेळा खोटं सांगितलंस," मॅडम म्हणाल्या.

"हो."

"ते नंतर बघू. मी एंडोस्कोपीच्या डॉक्टरांना फोन करते. कुठला नंबर कुणाचा याची यादी त्यांच्याकडेच आहे. तू थांब."

वेदिका थांबली. फोन परत आला तेव्हा मॅडमचा आवाज बदललेला होता. डॉक्टर गावाला गेले होते, फोन लागत नव्हता, आणि रविवार म्हणून एंडोस्कोपी सेंटरला कुलूप होतं.

"मॅडम, मी पंचवटीत जाऊन बघते. बाई तिथं बसते."

"नमुन्यावरून माग काढत रुग्णाच्या दारात जायचं नसतं, वेदिका. कळतंय ना तुला?"

"कळतंय."

मग मॅडम म्हणाल्या, "जा. भेटली तर तब्येत विचार आणि लगेच मला कळव. बाजारात जंताबिंताचं काही बोलू नकोस."

पंचवटीत रविवारची गर्दी होती. गल्लीत रिक्षा आणि दुचाकी एकमेकींत अडकल्या होत्या. वेदिकाने गाडी पुलाजवळच लावली आणि भाजीच्या ओळींमधून विचारत निघाली. झुंबरबाई? मेथीवाली? दोघींनी नकारार्थी मान हलवली. तिसरीनं पाण्याचा हबका मारता मारता पलीकडे बोट दाखवलं. तिथं गोणपाट अंथरलेलं होतं, पण त्यावर शेजारणीच्या पालकाच्या जुड्या होत्या.

"तिची जागा सांभाळतेय मी," शेजारीण म्हणाली. ती जाडजूड बाई होती, नाव कुसाबाई. "ती नाय यायची इतक्यात. लय आजारी हाय. तुम्ही कोण?"

"माझ्या सासूबाईंची ओळख आहे त्यांच्याशी. काय होतंय त्यांना?"

"आधी पोट दुखायचं, उलट्या. आता धाप. पोटावर असं लाल लाल उठलंय, कुणी चाबकाचा वळ उठवावा तसं. काल पोरानं दवाखान्यात टाकलं, दिंडोरी रोडला."

लाल वळ. कातडीखालून अळी सरकत गेली की उठतात तसे. वेदिकाने दवाखान्याचं नाव विचारलं आणि गर्दीतून ढकलत, माफी मागत, जवळजवळ पळतच गाडीकडे गेली.

दवाखाना तीन मजली होता. अतिदक्षता विभागाच्या बाहेर एक तरुण माणूस उकिडवा बसला होता. तो झुंबरबाईंचा मुलगा गोरक्ष. वेदिकाने स्वतःचं नाव सांगितलं, कुठं काम करते ते सांगितलं. त्याला त्यातलं फारसं कळलं नसावं, पण कुणीतरी आईसाठी आलंय एवढं कळलं.

"डॉक्टर म्हणतात न्यूमोनिया झालाय आणि दमा चढलाय," तो म्हणाला. "इंजेक्शनं चालू आहेत, पण कालच्यापेक्षा आज जास्त आहे. उतारच नाही, ताई."

"कसली इंजेक्शनं, माहीत आहे?"

त्यानं खिशातून चिठ्ठी काढली. वेदिकाने वाचली. अँटिबायोटिक होतं, आणि खाली स्टेरॉइड. दम्याच्या रुग्णाला कुणीही डॉक्टर देईल तेच. ते थेंबाथेंबानं आत चाललं होतं आणि ती काचेच्या बाहेर उभी होती.

तिनं आतल्या डॉक्टरांना गाठलं. दमलेला माणूस होता. "तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. मी संशोधक आहे. मला वाटतं यांना सूतकृमीची लागण आहे आणि स्टेरॉइडनं ती अंगभर पसरतेय."

"कशावरून?"

काय सांगणार होती ती? बशीतले फुगे गोल आहेत म्हणून? "त्यांच्या आतड्याच्या पेशी आम्ही वाढवल्या होत्या..." ती बोलायला लागली आणि त्याच्या चेहऱ्यावर तिला दिसलं, की हे वाक्य असं बोलून काही उपयोग नाही.

"मॅडम, पेशंट सीरियस आहे. स्टेरॉइड बंद केलं तर दम्यानं जाईल. मला काहीतरी हातात द्या."

तिनं मनीषा मॅडमना फोन लावला. "या ना इथं," एवढंच म्हणाली.

मनीषा मॅडम कॉलेज रोडहून आल्या, घरच्याच साडीत. वेदिकाकडे त्यांनी पाहिलंही नाही. सरळ डॉक्टरांपाशी जाऊन आपली ओळख सांगितली, पोटावरचे वळ पाहिले आणि म्हणाल्या, "थुंकी मिळेल का? श्वासाच्या नळीतून ओढून घ्या. स्लाइड मीच बघते, पाच मिनिटांत सांगते. नसेल तर तुम्ही तुमचं चालू ठेवा."

दवाखान्याची छोटी लॅब तळमजल्यावर होती. मॅडम जुन्या सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. वेदिका दाराशी उभी होती. गोरक्ष तिच्या मागे. मॅडम स्लाइड हळूहळू सरकवत होत्या. वेदिकाला एकदम वाटून गेलं, की काहीच निघू नये. आपलं चुकलेलं असावं, आणखी एकदा चुकलेलं, झुंबरबाईंना साधा न्यूमोनिया असावा.

मॅडमचा हात थांबला. "इकडे ये."

वेदिकाने डोळा लावला. करड्या, धूसर चकतीत एक अळी वळवळत होती. डोकं एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला. जिवंत. तिच्या मागे आणखी एक.

डॉक्टरांनी स्वतः येऊन पाहिलं, आणि मग ते जिन्यानं वर धावले.

औषध कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळालं. साध्या गोळ्या. गोरक्षनं आणल्या, त्या कुटून नाकातल्या नळीतून दिल्या. स्टेरॉइड हळूहळू कमी करायला घेतलं. पण अळ्यांनी आतड्यातले जिवाणूही बरोबर रक्तात नेले होते, त्यामुळे ताप उतरत नव्हता. पुढचे काही दिवस कुणीच काही खात्रीनं सांगेना. वेदिका रोज काम संपल्यावर तिथं जाऊन बाकावर बसायची. गोरक्ष तिला विचारायचा, "वाचेल ना?" आणि ती म्हणायची, "औषध बरोबर चालू आहे." यापलीकडे तिच्याकडे काही नव्हतं. एका संध्याकाळी आतून निरोप आला की श्वासाची नळी उद्या काढून बघणार. काढली. झुंबरबाईंनी श्वास घेतला, अडखळत, पण स्वतःचा.

घरी बायडाबाईंना स्टेरॉइडची गोळी त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी सुरू झाली होती. दोन-तीन दिवसांत सूज ओसरली. भाकरी मोडता येऊ लागली, आणि त्या मळ्यात जाऊन आखूड दांड्यांवरून मजुरांना बोलूही लागल्या. फक्त उजव्या हाताची दोन बोटं पूर्ण सरळ होत नव्हती. डॉक्टर म्हणाले, आजार जुना आहे, गोळी वेळेवर असती तरी कदाचित असंच झालं असतं. कदाचित. शेखरनं ते ऐकलं आणि वेदिकाकडे न पाहता तो बाहेर गेला. तो तिच्याशी पुन्हा नीट बोलायला लागला, पण त्याला वेळ लागला, आणि त्या बोटांचा विषय दोघांनीही कधी काढला नाही.

संस्थेत समितीपुढे वेदिकाने सगळं जसं घडलं तसं सांगितलं. तिला नमुन्यांच्या कामातून काही महिन्यांसाठी बाजूला केलं. मनीषा मॅडम म्हणाल्या, "तू नंबर ओळखलास, ही चूक मला समजू शकते. पण ओळखल्यावर तू शोध थांबवलास. तुला वाटलं, आपलं माणूस सुरक्षित झालं म्हणजे झालं." वेदिकाने मान डोलावली.

झुंबरबाई घरी आल्यावर वेदिका त्यांना भेटायला गेली. एका अरुंद बोळात दोन खोल्या होत्या. झुंबरबाई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. गाल आत गेले होते, हात काटक्यांसारखे. पण डोळे टवटवीत होते.

"ये, बस," त्या म्हणाल्या. "बायडाबाई कशा हायत?"

"बऱ्या आहेत. तुमची आठवण काढतात."

वेदिका खाटेच्या कडेला टेकली. वाटेत तिनं वाक्यं ठरवली होती, ती सगळी विसरली. "झुंबरमावशी, मला तुम्हाला सांगायचंय. तुमच्यात जंत आहे हे मला आधीच दिसलं होतं. तुम्ही दवाखान्यात जायच्या दोन आठवडे आधी. पण मला वाटलं, ते माझ्या सासूबाईंचं आहे. म्हणून मी कुणाला सांगितलं नाही. घरच्या घरी बघते म्हटलं."

झुंबरबाईंनी गोधडी गुडघ्यांवर ओढून घेतली. बाहेर कुणीतरी भांडी घासत होतं.

"म्हंजे तू तुझ्या सासूला वाचवत व्हतीस," त्या म्हणाल्या.

"हो."

"आन् ती तुझी सासू नसती तर?"

"तर मी त्याच दिवशी कळवायला लावलं असतं. नियमानं."

"आसं बघ." त्यांनी पदरानं ओठ पुसले. आवाजात राग नव्हता, पण माफीही नव्हती. "लय खोकले मी त्या दिसांत. पोराला म्हनले, मला आता शेवटचं घरी ने."

वेदिकाने मान खाली घातली. तिला रडायचं नव्हतं. इथं रडणं बरोबर दिसलं नसतं.

थोड्या वेळानं झुंबरबाईंनीच विचारलं, "ते माझं आतडं म्हनतात ते, तुमच्याकडं हाय का अजून?"

"आहे. वाढतंय. तुम्ही नको म्हणालात तर आम्ही ते बंद करू. तो तुमचा हक्क आहे."

"त्यात जंत हाय?"

"नाही. जंत कधीच नव्हता त्यात. फक्त पेशी होत्या, जंताच्या शेजारी राहिलेल्या. आता हळूहळू त्या नेहमीसारख्या वाढायला लागल्यात."

"माझ्या आधीच बरं झालं म्हना की." झुंबरबाई हसल्या आणि त्यांना ठसका लागला. वेदिकाने पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला, श्वास खाली बसेपर्यंत तसाच ठेवला. ठसक्याचा प्रत्येक आवाज तिला अजून आत लागत होता.

"नका बंद करू," झुंबरबाई धाप ओसरल्यावर म्हणाल्या. "पण मला दाखवा एकदा. माझं हाय तर मला बघायला नको?"

"मी मॅडमना विचारते."

"इचार. मंगळवारी जमंल मला. मंगळवारी गोरक्षला सुट्टी असती, तो गाडीवर घालून आणील."

मॅडम हो म्हणतील की नाही, वेदिकाला ठाऊक नव्हतं. तिला स्वतःलाच सध्या नमुन्यांच्या खोलीत जायची परवानगी नव्हती. तरी ती म्हणाली, "मंगळवारचंच विचारते," आणि बोळातून बाहेर पडायच्या आधीच तिनं मॅडमना फोन लावला.